दडे बसले म्हणून थेट स्कॅन नको

महोदय,

घाट उतरताना कानाला बसलेले दडे आवंढा गिळला की सुटतात. ते आठवडेच्या आठवडे सुटेनात, की बरेच जण आधी सीटी स्कॅन करून मोकळे होतात. पण नाकामागून मधल्या कानात जाणारी युस्टेशियन नळी मोठ्या माणसात जेमतेम ३६ मिलिमीटरची. तिचा कानाकडचा एक तृतीयांश भाग हाडाचा, बाकीचा नाकाच्या शेंड्यासारख्या लवचीक कूर्चेचा. कूर्चेचा भाग एरवी मिटलेलाच असतो. गिळताना, जांभई देताना क्षणभर उघडतो. मिटलेल्या नळीत हवा नाही, म्हणून सीटीत पोकळीही दिसत नाही. आणि बिघाड बहुधा तिथेच!

यावर तोडगा म्हणून अँजिओप्लास्टीतली ओसीटी, म्हणजे प्रकाशाने आतून चित्र काढायची तपासणी, या नळीत वापरून पाहिली जात आहे. अजून ती संशोधनातच आहे, रोजच्या तपासणीत नाही. सुमारे एक मिलिमीटर जाडीच्या कॅथेटरमध्ये अवरक्त प्रकाशाचा तंतू फिरतो आणि कॅथेटर मागे ओढताना आतल्या अस्तराचे आडवे छेद उमटत जातात. बारकावा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा, पण खोली फक्त एक-दोन मिलिमीटर. सूज, व्रण दिसतील. मागची कूर्चा पुरती नाही. शेंबडाने चित्र धूसर होते. हृदयात रक्त बाजूला सारायला डाय सोडतात; इथे द्रव सोडला तर तो मधल्या कानात शिरायची भीती. कॅथेटर अडला तर रेटायचा नाही, कारण हाडाच्या भागाला लागूनच मेंदूकडे जाणारी कॅरोटिड धमनी असते. शिवाय कॅथेटरनेच नळी फाकते, मग ती आपणहून कशी उघडते-मिटते हे त्या चित्रातून कसे कळणार?

त्यामुळे टिम्पॅनोमेट्री, म्हणजे हवेचा दाब बदलत कानाचा पडदा किती हलतो हे आलेखावर मोजणारी तपासणी, आजही आधी. आलेख सपाट आला तर पडद्यामागे पाण्याची शंका घ्यावी. शिखर उणे १०० डेकापास्कलच्याही खाली सरकले असेल तर आत हवेचा दाब कमी पडतोय.

उलटा प्रकारही असतो, नळी कायम उघडी राहण्याचा. झपाट्याने वजन उतरलेल्यांत तो आढळतो. तक्रार तीच, ‘कान भरलाय’. पण स्वतःचा श्वास कानात घुमतो, आडवे झाले की बरे वाटते आणि दुर्बिणीतून पाहिले तर पडदा श्वासासरशी हलतो. न उघडणारी नळी रुंद करायला तिच्यात फुगा फुगवतात. पण अशा उघड्या नळीत १०-१२ बार दाबाचा फुगा दोन मिनिटे फुगवला तर त्रास वाढण्याचीच शक्यता. फुग्याचा सल्ला मिळाला असेल तर ‘नळी उघडी नाही ना, हे तपासले का?’ एवढे जरूर विचारावे.

आणि प्रौढ माणसाच्या एकाच कानात पाणी साठत असेल, तर या सगळ्याआधी नाकामागची जागा एंडोस्कोपने पाहून घ्यावी. तिथली गाठ नळीचे तोंड दाबत असू शकते.

– एक कान-नाक-घसा तज्ज्ञ, पुणे