स्टेजसमोरच्या स्टँडिंगचे पैसे घेतले आणि वरच्या मजल्यावर साइडला बसवलं: आयर्न मेडन लंडन पॅकेजची तक्रार

प्रति,
मॅनेजर साहेब आणि कस्टमर केअर टीम,

नमस्कार. परवा तुमच्या पुणे ऑफिसमधून फोन आला होता. फोनवर जे होते ते म्हणाले, "सर, शो तर बघितलात ना तुम्ही, मग रिफंड कशाचा मागताय?" आणि वर हेपण म्हणाले की सतरापैकी तेरा गाणी तर मिळाली. त्यांना फोनवर नीट सांगता आलं नाही कारण मला खरंच राग आला होता, म्हणून आता सगळं लेखी देतोय, पूर्ण वाचा ही विनंती.

बुकिंग माझ्याच नावावर आहे. २८ जून २०२५, शनिवार, लंडन स्टेडियम, आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडची रन फॉर युअर लाइव्ह्ज टूर. विमान, स्ट्रॅटफर्डजवळ हॉटेल आणि दोन तिकिटं, एक माझं आणि एक माझ्या मामेभावाचं. तुमच्या कोटेशनमध्ये स्पष्ट लिहिलंय 'स्टेजसमोर स्टँडिंग'. ते दोन शब्द होते म्हणून मी तुमचं पॅकेज घेतलं, नाहीतर विमान आणि हॉटेल मीपण बुक करू शकतो, त्यात काही विशेष नाही. विमान आणि हॉटेल दोन्ही व्यवस्थित होतं, त्याबद्दल तक्रार नाही.

तिकिटं निघायच्या आधी आमच्या तिकीट अ‍ॅपमध्ये ट्रान्सफर होणार होती. पुण्यातून निघेपर्यंत विचारत होतो, दर वेळी एकच उत्तर, "होतंय सर, प्रोसेसमध्ये आहे." शोच्या दिवशी दुपारी व्हॉट्सअ‍ॅपवर काय आलं तर तिकिटांचे स्क्रीनशॉट. गेटवर स्कॅनरने ते घेतलेच नाहीत. तिथल्या मुलीने शांतपणे समजावून सांगितलं की अ‍ॅपमधला बारकोड सारखा बदलत असतो, स्क्रीनशॉट चालतच नाही. जी कंपनी परदेशातल्या कॉन्सर्टची पॅकेजं विकते तिला हे माहीत नसावं हे मला पटत नाही.

मग तुमच्या '२४ तास मदत' नंबरवर फोन लावत बसलो. लंडनला संध्याकाळचे आठ म्हणजे पुण्यात रात्रीचे साडेबारा, हे तुम्हाला माहीत असायला हवं होतं ना, कारण शो संध्याकाळीच असतो आणि गडबड झाली तर त्याच वेळी होणार. रिंग वाजत राहायची आणि कट व्हायची. मेडनच्या आधी वाजवणाऱ्या हेलस्टॉर्म बँडचा सेट बाहेरूनच ऐकला, तोही मी सोडून दिला असता. पण मग 'डॉक्टर डॉक्टर' सुरू झालं. तुमच्या टीमसाठी सांगतो, हे यूएफओ बँडचं गाणं आहे आणि मेडन स्टेजवर यायच्या आधी ते स्पीकरवर लावतात, कित्येक वर्षांची पद्धत आहे, ते वाजलं की अख्खं स्टेडियम गायला लागतं कारण सगळ्यांना कळतं की आता येतायत. आम्ही दोघं तेव्हा गेटच्या बाहेर हातात फोन धरून उभे होतो आणि आतून हजारो लोकांचा आवाज येत होता. माझा भाऊ पन्नाशीचा माणूस आहे, नव्वदच्या दशकात त्याच्याच कॅसेटवरून मी हा बँड ऐकायला लागलो, त्याच्या डोळ्यात पाणी आलं होतं.

शेवटी तुमच्या तिथल्या कुठल्यातरी पार्टनरने दोन तिकिटं ट्रान्सफर केली, ती स्टँडिंगची नव्हतीच, वरच्या मजल्यावर एकदम साइडच्या ब्लॉकची होती. गेटवरून पळत वर पोचलो तेव्हा 'फँटम ऑफ द ऑपेरा' हे चौथं गाणं संपत आलं होतं.

आता हुकलेली ती चार गाणी कोणती ते सांगतो. ही टूर बँडच्या ५० वर्षांची आहे, बासिस्ट स्टीव्ह हॅरिसने १९७५च्या ख्रिसमसला बँड काढला तिथपासूनची. सगळा सेट १९८० ते १९९२ या काळातल्या पहिल्या नऊ अल्बममधलाच, आणि सुरुवातीची चारही गाणी पहिल्या दोन अल्बमची, म्हणजे पॉल डिआनो गायचा त्या काळातली. 'मर्डर्स इन द रू मॉर्ग' या टूरआधी २००५ला वाजवलं होतं, 'किलर्स' तर १९९९नंतर नाहीच. डिआनो ऑक्टोबर २०२४मध्ये गेला. म्हणजे ही गाणी परत लाइव्ह ऐकायची संधी कधी येईल, येईल की नाही, कुणालाच सांगता येणार नाही. आणि जागा कुठली? हॅरिस पूर्व लंडनमधल्या लेटनस्टोनचा, जन्मभर वेस्ट हॅम या फुटबॉल क्लबचा फॅन, आणि लंडन स्टेडियम २०१६पासून वेस्ट हॅमचंच ग्राउंड आहे. बँड सुरुवातीला ज्या पबमध्ये वाजवायचा तो कार्ट अँड हॉर्सेस तिथून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर आहे, सकाळी आम्ही दोघं तिथे जाऊन आलो होतो. ज्या गल्ल्यांमध्ये ही गाणी तयार झाली तिथेच ती ऐकायला मिळणार होती म्हणून मी जवळचा कुठला देश न बघता मुद्दाम लंडनचा शो निवडला होता, आणि हे बुकिंग करताना मी तुमच्या माणसाला सांगितलंही होतं. 'किलर्स'ला बँडचा राक्षसी मॅस्कॉट एडी कुऱ्हाड घेऊन स्टेजवर येतो, तेव्हा आम्ही जिने चढत होतो.

सीटबद्दल. या टूरला मागे पहिल्यांदाच मोठा व्हिडिओ स्क्रीन आहे, पूर्वी रंगवलेले पडदे असायचे. आमच्या ब्लॉकमधून त्या स्क्रीनची फक्त कड दिसत होती. 'राइम ऑफ द एन्शंट मरिनर' हे तेरा मिनिटांच्या वरचं गाणं, त्यात जहाजाची पूर्ण गोष्ट मागे स्क्रीनवर चालू असते, आम्हाला त्यातलं काही कळलं नाही, नुसता उजेड बदलताना दिसायचा. मी हे गाणं १ फेब्रुवारी २००८ला मुंबईत बीकेसीच्या मैदानावर ऐकलंय, त्या टूरचा तो पहिलाच शो होता, गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः बोइंग ७५७ विमान चालवत बँडला घेऊन जगभर फिरला ती टूर. तेव्हा आम्ही दोघं धुळीत उभे होतो पण समोर होतो. समोर उभं राहिलं की गिटारवाले डेव्ह मरे आणि एड्रियन स्मिथ एकमेकांकडे बघून सोलो कसे वाटून घेतात ते दिसतं, बासचा दणका छातीत बसतो. त्याच अनुभवाचे पैसे मी तुम्हाला दिले होते.

बँडने तर कमाल केली हे सांगायलाच पाहिजे. ब्रूस तेव्हा सहासष्ट वर्षांचा होता आणि 'एसेस हाय' त्याने शेवटाकडे, एवढं सगळं गाऊन झाल्यावर, पूर्ण ताकदीने म्हटलं. निको मॅकब्रेनने डिसेंबर २०२४मध्ये टूरिंग थांबवल्यावर ड्रम्सवर सायमन डॉसन कसा वाटेल अशी धाकधूक होती, तो छान वाजवतो. हे सगळं लांबून, तिरकं बघूनही इतकं भारी वाटलं, म्हणूनच जे हुकलं त्याचं जास्त वाईट वाटतंय.

तुमच्या ईमेलमध्ये मागितलंय की सीटवरून नीट दिसत नव्हतं याचा व्हिडिओ पाठवा. या टूरला बँडने आणि मॅनेजमेंटने फॅन्सना जाहीर विनंती केलीय की फोन खाली ठेवा, शो डोळ्यांनी बघा. मी ती पाळली. ब्लॉक आणि रो नंबर असलेलं तिकीट अ‍ॅपमध्ये आहे, स्टेडियमचा नकाशा नेटवर आहे, कोटेशन तुमच्याच लेटरहेडवर आहे. यापेक्षा वेगळा पुरावा लागू नये.

माझी मागणी सांगतो. दोन्ही तिकिटांची मूळ किंमत किती होती त्याची पावती द्या आणि पॅकेजमध्ये तिकिटांपोटी जे लावलंत त्यातला फरक परत करा, शिवाय सुरुवात हुकली ती पूर्णपणे तुमच्यामुळे, त्याची वेगळी भरपाई द्या. माझ्या भावाला लेखी माफी हवी आहे, त्याला पैशात इंटरेस्ट नाही. आणि वेबसाइटवर अजूनही दुसऱ्या बँड्सची पॅकेजं 'स्टेजसमोर' म्हणून चालू आहेत, ती तिकिटं हातात असतील तरच तसं लिहा, नसतील तर आज काढा, कारण पोरं वर्षभर पैसे साठवून जातात.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्या, फोन नको. उत्तर आलं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून पुणे जिल्हा ग्राहक आयोगात केस टाकणार आहे, २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे मी राहतो तिथे ती दाखल करता येते. कोटेशन, पेमेंटची पावती, व्हॉट्सअ‍ॅपवरचं सगळं बोलणं आणि त्या रात्रीचा कॉल लॉग सोबत जोडलाय.

आपला,
पॅकेज घेतलेला ग्राहक, पुणे