नकाशाचे चित्र मिळते, त्यामागचे आकडेही मिळावेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२०२५च्या सप्टेंबरातील अतिवृष्टीने मराठवाड्यातला खरीप खरडून नेला. तेव्हापासून पंचनामे, पैसेवारी (पीक किती आले याचा सरकारी अंदाज) आणि पीकविमा यांच्या चर्चेत उपग्रहावरून केलेल्या नकाशांचा उल्लेख वारंवार येऊ लागला आहे. शेतकऱ्याच्या भरपाईचा निर्णय ज्या नकाशावर अवलंबून राहू शकतो, त्यामागची माहिती लोकांना कोणत्या प्रकारच्या फाइलीत दिली जाते, हा प्रश्न वरकरणी संगणकवाल्यांचा वाटतो. अंबाजोगाईत अनेक वर्षे भूगोल शिकवल्यानंतर माझी खात्री झाली आहे की तो शेतकऱ्याचाही आहे.

दोन वर्षांपूर्वी आमच्या विद्यार्थ्यांनी तालुक्यातील महसूल मंडळांच्या दहा खरीप हंगामांची तुलना करायचे ठरवले आणि त्यासाठी एका कार्यालयाकडे पीकस्थितीची उपग्रहीय माहिती लेखी अर्जाने मागितली. सात आठवड्यांनी माहिती आली ती पीडीएफमध्ये, प्रत्येक पानावर एक रंगीत चित्र. सोबतच्या तक्त्यातील गावांची नावे जुन्या फाँटमध्ये टंकलेली असल्याने ती वाचताच येईनात. चित्रातील लाल, पिवळा आणि हिरवा रंग पाहून परिस्थितीचा अंदाज येतो; पण त्या रंगाची बेरीज करता येत नाही, सरासरी काढता येत नाही आणि मागील वर्षाशी वजाबाकीही करता येत नाही.

यातून काय हरवते ते एका उदाहरणाने सांगतो. दुष्काळ व्यवस्थापन संहिता २०१६ मध्ये वनस्पती स्थिती निर्देशांक हा एक निकष आहे. एखाद्या ठिकाणची यंदाची हिरवाई तिथल्या आजवरच्या किमान आणि कमाल हिरवाईच्या दरम्यान कुठे बसते, हे तो ० ते १०० या मापात सांगतो. ६०च्या वर स्थिती चांगली, ४० ते ६० मध्यम आणि ४०च्या खाली वाईट मानली जाते. म्हणजे ३९ आकडा असलेले मंडळ आणि ५ आकडा असलेले मंडळ चित्रात एकाच रंगात रंगते. मूळ फाइलीत हे दोन्ही आकडे वेगळे असतात, चित्र काढताना ते पुसले जातात. त्यात चित्र जेपेगमध्ये साठवले असेल तर फाइल लहान करताना शेजारच्या ठिपक्यांचे रंग एकमेकांत मिसळतात आणि दोन मंडळांच्या सीमेवरचा रंगही भरवशाचा राहत नाही.

या कामासाठी जगभर मान्य झालेली फाइलस्वरूपे आहेत आणि ती सर्वांना खुली आहेत. जिओटिफ ही दिसायला चित्राची फाइल असली, तरी तिच्या प्रत्येक चौकटीत आकडा असतो आणि ती चौकट पृथ्वीवर नेमकी कुठे आहे याची नोंद त्याच फाइलीत असते. मुक्त भूस्थानिक संघाने, म्हणजे ओजीसीने, २०१९ मध्ये तिला आपल्या मानकांत स्थान दिले. या नोंदीचे मोल आमच्या विद्यार्थ्यांना चांगलेच कळले. मिळालेल्या चित्रावर त्यांनी गावांच्या सीमा बसवल्या तेव्हा सगळा तालुका एका बाजूला सरकलेला दिसला, कारण नकाशा अक्षांश-रेखांश मोजण्याच्या जुन्या एव्हरेस्ट प्रमाणावर आहे की आजच्या डब्ल्यूजीएस ८४ वर, हे कुठेच लिहिलेले नव्हते. आपल्या भागात या दोन प्रमाणांत साधारण शंभर-दीडशे मीटरचा फरक पडतो. दोन एकराच्या चौकोनी रानाची बाजू नव्वद मीटरच्या आसपास भरते, तेव्हा एवढ्या फरकाने एकाचे रान शेजाऱ्याच्या गटात जाऊन पडते. गट क्रमांक नसलेला सातबारा कोणी स्वीकारत नाही, मग प्रमाण न लिहिलेला नकाशा का स्वीकारावा?

वर्षानुवर्षांच्या रोजच्या नोंदींसाठी नेटसीडीएफ हे स्वरूप अधिक सोयीचे आहे. भारतीय हवामान विभाग पुण्याहून १९०१ पासूनचा देशाचा रोजचा पाऊस पाव अंशाच्या चौकटींत उपलब्ध करून देतो, याबद्दल त्या विभागाचे आभारच मानले पाहिजेत. ही माहिती साध्या द्विमान (बायनरी) फाइलीतही मिळते आणि नेटसीडीएफमध्येही. द्विमान फाइल उघडणाऱ्याला आधीच ठाऊक असावे लागते की तिच्यात १३५ स्तंभ व १२९ ओळी आहेत आणि पहिली चौकट ६.५ अंश उत्तर, ६६.५ अंश पूर्व येथील आहे. यात एक चूक झाली तर लातूरचा पाऊस भलतीकडेच जातो. नेटसीडीएफ फाइल अक्षांश, रेखांश, तारीख आणि एकक स्वतःच सांगते.

एकक आणि गुणक सांगणे ही बारीकसारीक बाब नाही. नासाच्या उपग्रहांवरील मोडिस उपकरणाच्या हिरवाई निर्देशांकात जागा वाचवण्यासाठी ०.६२ हा आकडा ६२०० असा साठवतात आणि जिथे मापनच नाही तिथे उणे ३००० लिहितात. ढगाळ चौकटींची खूण त्याच फाइलीतील एका वेगळ्या थरात असते. आपल्याकडे सोयाबीन वाढीला लागते ते नेमके जुलै-ऑगस्टच्या ढगाळ दिवसांत, त्यामुळे हा थर सोडून काढलेली सरासरी पिकाऐवजी ढगांचीच निघण्याचा धोका असतो. चित्र करताना सर्वांत आधी गळतो तो हाच थर.

३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून इस्रो आणि नासाचा निसार उपग्रह अवकाशात गेला. त्याचे रडार ढगांआडूनही जमीन पाहते, दर बारा दिवसांनी त्याच जागेवर येते आणि त्याची माहिती एचडीएफ५ या खुल्या स्वरूपात जाहीर होते. एवढी मेहनतीची माहिती आपल्या जिल्ह्यापर्यंत पोहोचताना पुन्हा पीडीएफमधले चित्र होऊन आली, तर ते मला फार दुःखाचे वाटेल.

अशा फाइली लोकांना उघडता येत नाहीत, असे सांगितले जाते. क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर या तिन्ही प्रकारच्या फाइली उघडते आणि आमची द्वितीय वर्षाची मुले ते आठवड्याभरात शिकतात. इंटरनेटचा वेग ही अडचण मात्र खरी आहे, पण त्यासाठीच जिओटिफचा क्लाउडसाठी रचलेला प्रकार आहे; शेकडो एमबीच्या फाइलीतून केवळ आपल्या तालुक्यापुरता तुकडा त्यातून मागवता येतो. त्यालाही २०२३ मध्ये ओजीसीचे मानक म्हणून मान्यता मिळाली. गोपनीयतेचे कारणही टिकत नाही, कारण भारतीय अवकाश धोरण २०२३ नुसार पाच मीटर व त्याहून ढोबळ तपशिलाची इस्रोची माहिती खुली ठेवायची आहे. राष्ट्रीय माहिती सामायिकीकरण धोरणात तर २०१२ पासूनच सरकारी माहिती यंत्रांना वाचता येईल अशा स्वरूपात देण्याची अपेक्षा आहे.

म्हणून राज्याच्या कृषी व महसूल विभागांना माझी विनंती आहे की येत्या खरिपापासून जो कोणता उपग्रहीय नकाशा प्रसिद्ध होईल, त्याच्याबरोबर त्याच दिवशी मूळ जिओटिफ किंवा नेटसीडीएफ फाइलही संकेतस्थळावर ठेवावी. तिच्यात प्रमाण, तारीख, एकक, गुणक आणि मापन नसल्याची खूण नोंदलेली असावी, आणि गावांची नावे युनिकोडमध्ये असावीत. नजरअंदाज पैसेवारी जाहीर होण्यापूर्वी हे झाले, तर मंडळनिहाय आकडे पडताळून हरकत घेणे गावकऱ्यांना शक्य होईल. आमच्या विद्यार्थ्यांच्या दहा वर्षांच्या तुलनेतील सहा वर्षांच्या रकान्यांत अजून आकडे भरायचे आहेत. त्या वर्षांची केवळ चित्रे आमच्याकडे आहेत.

आपला,
भूगोलाचा एक निवृत्त प्राध्यापक,
अंबाजोगाई, जि. बीड