काकू, तो पांढरा दोरा

काकू,

समोर आले की तुम्ही लगेच चहा टाकता आणि विषय बदलता, म्हणून हे लिहूनच सांगते.

बाबांना काचबिंदू आहे. मफलरची सुलट बाजू कुठली, हे त्यांना आता दिसत नाही. वाटेत कुणी "काका, मफलर उलटा घातलाय" म्हणालं की ते घरी येऊन तो खुंटीला अडकवायचे आणि पुढे दोन दिवस फिरायलाच जायचे नाहीत. त्यामुळे मला उलटी बाजूच नसलेला वेणीचा मफलर विणायचा होता. गडद निळा आणि पिवळा, म्हणजे उरलेल्या नजरेलाही पटकन सापडेल असा.

जिथे पैसे भरून शिकायला गेले, तिथल्या बाईंनी माझा नमुना हातातसुद्धा घेतला नाही. "वेणी एकाच बाजूने दिसते. त्यातून दोन रंग? विसरा." दुकानदार म्हणाला, एवढा खटाटोप कशाला, विकत घ्या. उसवून उसवून लोकर पिंजल्यासारखी झाली होती. खरं सांगते, त्या आठवड्यात मी रडले.

आणि तुम्ही लिफ्टमध्ये माझ्या पिशवीतून डोकावणारी गोल सुई बघून विचारलंत, "काय विणतेस गं?"

"आपला उलट टाका म्हणजे पलीकडून बघणाऱ्याचा सुलट टाका," असं तुम्ही म्हणालात आणि माझं कोडं सुटलं. एक सुलट, एक उलट अशा विणीवर वेणी घातली, की पुढे धरलेले चार टाके इकडून वेणी होतात आणि मागे गेलेले चार पलीकडून. इतकं सोपं कुणीच सांगितलं नव्हतं.

पण मनात राहिलंय ते वेगळंच. चाळिसाव्या ओळीला माझी वेणी चुकीच्या बाजूला वळली. आता काकू सगळं उसवायला लावणार, असं वाटून माझे हात थांबले. तुम्ही काहीच बोलला नाहीत. तेवढ्याच ओळी सोडवून दिल्यात, मग बोथट सुईत पांढरा दोरा ओवलात आणि सुईवरच्या एकेका टाक्यातून, त्याच्यावरच्या लोकरीच्या वेढ्यासकट, तो हळूहळू पुढे नेलात. विणकाम माझ्याच हातात राहू दिलंत. दोरा दातांनी तोडून म्हणालात, "आता बिनधास्त वीण. चुकलीस तरी इथवरच उसवेल."

त्यानंतर मी पाच वेळा चुकले. पाचही वेळा वीण त्या दोऱ्यापाशी येऊन थांबली. समोरचा चुकणार हे धरून चालायचं आणि तरी त्याला करू द्यायचं, एवढं मोठं मन मी फार थोड्या माणसांत पाहिलंय. शिकवणारे पुष्कळ भेटले. असं जपणारं कुणी भेटलं नव्हतं.

सोमवारी बाबांनी दोन्ही बाजूंवरून बोटं फिरवली. "सुलट कुठली?" म्हणाले. मी म्हटलं, "दोन्ही." गळ्याभोवती गुंडाळून ते एकटे खाली उतरले.

तो पांढरा दोरा अजून मफलरमध्येच आहे. शनिवारी बाबांना घेऊन येते. तो तुमच्याच हाताने काढा.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची