जेडमधील बुद्धप्रतिमा आणि आपले सातवे लेणे

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत वास्तुशांतीच्या भेटवस्तूंविषयी लिहिताना हिरव्या दगडातील ढेरपोट्या, हसऱ्या मूर्तीला ‘जेडचा चिनी बुद्ध’ म्हटले आहे. ती मूर्ती गौतम बुद्धांची नव्हे. दहाव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेला बुडाई नावाचा झोळीवाला चिनी भिक्षू पुढे मैत्रेयाचा, म्हणजे भावी बुद्धाचा, अवतार मानला गेला; त्याचे हे रूप आहे. मराठवाड्यात, जिथे वस्त्यावस्त्यांत बुद्धवंदना होते, तिथे तरी हा घोळ नको.

दगडाचेही तसेच. नेफ्राइट आणि जेडाइट या दोन निराळ्या खनिजांना मिळून जेड म्हणतात. चिनी कारागिरांचा जुना दगड नेफ्राइट. जेडाइट ब्रह्मदेशातून प्रामुख्याने अठराव्या शतकापासून येऊ लागले. दोन्ही इतके चिवट की त्यांच्यावर छिन्नी चालवून उपयोग नसतो. फिरत्या चाकाखाली कठीण वाळूची ओली पूड घालून दगड हळूहळू झिजवावा लागतो, म्हणून जेडला ‘कोरीव’ म्हणणे खरे तर सोयीपुरतेच. मी शहरात हौसेने घेतलेल्या ‘जेड’च्या मूर्तीवर मात्र चाकूच्या टोकाने सहज ओरखडा उमटला. खऱ्या जेडवर तो उमटत नाही.

चिनी जेडमध्ये वारंवार दिसणारी ग्वानयिन ही करुणेची देवता मुळात आपला बोधिसत्त्व (इतरांच्या कल्याणासाठी झटणारा, बुद्धत्वाच्या वाटेवरचा साधक) अवलोकितेश्वर आहे. कुमारजीव या बौद्ध भिक्षूने इ. स. 406 मध्ये सद्धर्मपुंडरीक सूत्र या महायान ग्रंथाचे चिनी भाषांतर केले. अग्नी, जलप्रवास, चोर, बेड्या अशा संकटांत या बोधिसत्त्वाचे नाव घेणारा तरून जातो, हे त्यातील प्रकरण चीनमध्ये फार लोकप्रिय झाले, आणि पुढील काही शतकांत तिथे त्याचे रूप स्त्रीचे झाले. त्याच श्रद्धेचे दगडी रूप आपल्या दाराशी आहे: बीबी का मकबऱ्यामागच्या डोंगरातील औरंगाबाद लेण्यांपैकी सातव्या लेण्याच्या ओसरीत अवलोकितेश्वर उभा आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना बुडते जहाज, आग, अंगावर येणारा हत्ती अशी आठ संकटे व त्यांत सापडून त्याचा धावा करणारी माणसे खोदलेली आहेत. हे काम मात्र छिन्नी-हातोड्याचे, आपल्या काळ्या पाषाणातले. अजिंठा-वेरूळच्या गर्दीत तिकडे फारसे कोणी फिरकत नाही.

पुरवणीत दुरुस्ती छापताना त्या मूर्तीखाली बुडाईचे नाव द्यावे आणि शेजारी सातव्या लेण्यातील या शिल्पाचे छायाचित्र छापावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक,
छत्रपती संभाजीनगर