आधी तपासा, मग विका : आयुष मंत्र्यांना खुले पत्र

मा. आयुष मंत्री, भारत सरकार यांस,
सादर नमस्कार.

मी ऐरोलीत राहते. गेल्या रविवारी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये पुन्हा मोफत बीपी तपासणी शिबिर भरलं आणि पुन्हा तीच सर्पगंधा या औषधी वनस्पतीच्या गोळ्यांची पाकिटं विकली गेली. 'बीपीपासून कायमची सुटका, दुष्परिणाम शून्य.'

माझ्या आईने अशाच शिबिरात ते पाकीट घेतलं होतं. सरकारी दवाखान्यात तिची बीपीची गोळी, अम्लोडिपिन, संपलेली, आणि विकणारा म्हणाला, "आजी, त्या गोळ्यांची आता गरजच नाही." आधी तिचं नाक चोंदायला लागलं. मग बोलणं कमी झालं. जिची हाक तीन मजले ऐकू जायची, ती दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. शेवटी पक्षाघाताचा झटका आला, उजवी बाजू गेली. आज पाणी हवं असलं तरी तिला शब्द सापडत नाही. माझी नोकरी सुटली, ते सोडाच.

नाक चोंदणं, नाडी मंदावणं, नैराश्य : सर्पगंधेतल्या रेसरपिन या द्रव्याचे हे परिणाम १९५०च्या दशकापासून ठाऊक आहेत. १९४९ साली डॉ. रुस्तम जाल वकील यांनी याच मुंबईत, ५० रुग्णांवर सर्पगंधा तपासून निष्कर्ष 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापले. वनस्पतीत गुण आहे, मला ते मान्य आहे. गुण आहे म्हणूनच मात्रा मोजायला हवी ना? मग आईच्या पाकिटावर एका गोळीत रेसरपिन किती, हे का नव्हतं? ग्रंथोक्त, म्हणजे जुन्या आयुर्वेद ग्रंथांत सांगितलेलं औषध म्हटलं की परवान्यासाठी परिणामाचा पुरावाच मागायचा नाही, ही सूट कुणाच्या भल्यासाठी?

१९५४च्या औषध-जाहिरात कायद्यात रक्तदाब बरा करण्याच्या जाहिरातींवर बंदी आहे. त्यावर २०१८ साली नियम १७० आला : आयुर्वेदिक औषधाची जाहिरात परवाना अधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय करायची नाही. तो तुमच्याच मंत्रालयाने जुलै २०२४मध्ये काढून टाकला. सर्वोच्च न्यायालयाने त्या काढण्याला स्थगिती दिली, पुढच्या वर्षी तीही उठली. तक्रार केली तर एका कार्यालयाचं उत्तर आलं, अर्ज संबंधितांकडे पाठवला आहे. कोण हे संबंधित? दवाखान्यात गोळी नाही, शिबिरावर लक्ष नाही, कायद्याला हात नाहीत. आणि मत मागायला मात्र प्रत्येक जण आमच्या दारात हजर!

सर्पगंधेची प्रत्येक गोळी बाजारात येण्याआधी रक्तदाबाच्या रुग्णांवर तपासा. रेसरपिनचं प्रमाण पाकिटावर छापायला लावा. आधीची गोळी बंद करायला सांगणाऱ्यावर गुन्हा दाखल करा.

आईच्या पाकिटातल्या उरलेल्या गोळ्या मी जपून ठेवल्या आहेत. त्या कोणत्या सरकारी प्रयोगशाळेत द्यायच्या, ते मला लेखी कळवा.

एक मुलगी,
ऐरोली, नवी मुंबई