तेरा किलोच्या ट्रान्सफॉर्मरबद्दल आभार

आदरणीय महोदय,

सादर नमस्कार.

मी घरी बांधत असलेल्या 1.5 केव्हीए इन्व्हर्टरचा आराखडा आपण वेळ काढून तपासलात, त्याबद्दल हे पत्र उघडपणे लिहीत आहे. कारण आपण दाखवलेल्या चुका करण्याच्या बेतात असलेला मी एकटाच असेन, असे वाटत नाही.

माझा पहिला कल हाय-फ्रिक्वेन्सी रचनेकडे होता. बॅटरीचे 24 व्होल्ट 50 किलोहर्ट्झवर फोडून (म्हणजे सेकंदाला पन्नास हजार वेळा चालू-बंद करून), तळहातावर मावणाऱ्या फेराइट ट्रान्सफॉर्मरमधून वाढवून सुमारे 380 व्होल्ट डीसी करायचे आणि त्यातून 230 व्होल्टची साइन वेव्ह घडवायची, ही कल्पना मला आधुनिक वाटली होती आणि लोखंडी गाभ्याचा जड ट्रान्सफॉर्मर केवळ जुनाट. त्यावर आपण एवढेच विचारलेत, की यावर चालवणार काय? अर्ध्या अश्वशक्तीचा पाण्याचा पंप, असे मी कळवले. चालू असताना 600 वॅटच्या आसपास घेणारी ही मोटार सुरू होताना पाचपट प्रवाह ओढू शकते, हे मी जमेस धरलेच नव्हते. माझ्या आराखड्यातील 470 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर 380 व्होल्टवर जेमतेम 34 जूल साठवतो, म्हणजे 3000 वॅटच्या मागणीपुढे तो सेकंदाचा शंभरावा हिस्साच टिकतो आणि पुढचा सगळा भार आधीच्या टप्प्यातील मॉस्फेटवर (प्रवाह वेगाने चालू-बंद करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचवर) येतो, हा हिशेब आपण मांडून दाखवलात आणि मला लोखंडी गाभ्याकडे वळवलेत.

लोखंडी गाभा ऊर्जा साठवतो म्हणून झटका सोसतो, ही माझी समजूतही आपण दुरुस्त केलीत. गाभा चुंबकीयदृष्ट्या किती भारला जाईल हे व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सीवर ठरते, लोडवर नव्हे. जास्तीच्या प्रवाहाने तापते ते तांबे, आणि काही किलो तांबे तापायला वेळ लागतो, तेवढ्यात मोटार वेग घेते. मात्र तोच प्रवाह बॅटरीच्या बाजूला सव्वाशे अँपिअरच्या वर जातो, म्हणून एच-ब्रिजच्या (बॅटरीच्या डीसीची दिशा आलटूनपालटून एसी घडवणाऱ्या स्विचच्या जोडणीच्या) प्रत्येक बाहूत चार मॉस्फेट समांतर जोडायला आपण लावलेत, हे बरे झाले.

सर्वांत मोठे ऋण मात्र वेढ्यांच्या गुणोत्तराचे आहे. बॅटरी 24 व्होल्टची, म्हणून वाइंडिंगही 24 व्होल्टचे, असे धरून मी ट्रान्सफॉर्मर गुंडाळायला देणार होतो. बॅटरी उतरून 21 व्होल्टवर आली की साइन वेव्हचे शिखर त्याहून वर जाऊ शकत नाही, शिखरावरून व्होल्टेजचे प्रभावी मूल्य काढायला त्याला 1.414 ने भागले की 15 व्होल्टही उरत नाहीत आणि मॉस्फेट व तारांमधील घट वजा जाता 14 व्होल्टच हिशेबात धरावेत, हे आपण सांगितले नसते, तर 230 च्या जागी जेमतेम 134 व्होल्ट मिळाले असते आणि मी आठवडाभर दोष कंट्रोल बोर्डात शोधत बसलो असतो.

आपण लोखंडाची बाजू घेतलीत, पण त्याची उणीवही झाकली नाहीत. माझा इन्व्हर्टर काहीही न चालवता 40 वॅट खातो. तो रात्रंदिवस चालू ठेवला, तर दिवसाला 960 वॅट-तास, म्हणजे जवळजवळ एक युनिट, नुसता गाभा भारण्यात आणि स्विचिंगमध्ये जाईल. माझ्या 100 अँपिअर-तासांच्या बॅटरीचा हा चाळीस टक्के साठा झाला. केवळ दिवे आणि लॅपटॉप चालवायचे असते, तर आपण मला हाय-फ्रिक्वेन्सीकडेच वळवले असते, असे आपण स्पष्ट लिहिले होते. म्हणून मी पंपाच्या स्विचबरोबरच इन्व्हर्टर सुरू होईल अशी जोडणी केली आहे.

पंप पहिल्याच प्रयत्नात सुरू झाला. व्होल्टेज क्षणभर 205 पर्यंत उतरले आणि सावरले. एच-ब्रिज आणि ट्रान्सफॉर्मर यांच्यामधील चोक, म्हणजे लहर गुळगुळीत करणारी तारेची गुंडाळी, अजून गुणगुणतो. त्याचे वेढे आपण सुचवल्याप्रमाणे व्हार्निशमध्ये बुडवून वाळत ठेवले आहेत.

आपला कृतज्ञ,
तेरा किलोचा ट्रान्सफॉर्मर एकट्याने टेबलावर चढवलेला एक हौशी