बाबांचा दात न काढणाऱ्या डॉक्टरांना

डॉक्टर, सप्रेम नमस्कार.

गेल्या श्रावणात बाबांना घेऊन सदाशिव पेठेत तुमच्याकडे आले, ते हलणारा दात काढून घ्यायला. वय ७२, मधुमेह २० वर्षांचा. आधी दुसरीकडे वरची दाढ काढली होती. महिना उलटला तरी खड्डा भरेना, अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले. तिथे साखर किती, हे कुणीच विचारलं नव्हतं. ते आजही सलतं.

तुम्ही पहिल्यांदा तेच विचारलंत. मग उघडं पडलेलं करडं हाड पाहिलंत, गालावर बोट टेकवून ‘इथे बधिर वाटतं का?’ म्हणालात. ‘दात एकटा हलत नाहीये, खालचं हाडच हलतंय. आज काढायचा नाही.’ बुरशीचं नाव ऐकून मी म्हटलं, म्युकर, म्हणजे ती काळी बुरशी, तर करोनातला ना? तो २०२१ च्या आधीही मधुमेहींना होत होता, हे मला त्या दिवशी कळलं.

हाडाचा तुकडा तुम्ही दोन बाटल्यांत दिलात. फॉर्मॅलिनमध्ये बुरशी मरते, मग कल्चरमध्ये, म्हणजे लॅबमध्ये बुरशी वाढवून पाहताना, काही उगवत नाही. म्हणून एक बाटली सलाइनची. ‘चिठ्ठीत लिहिलंय, तरी लॅबमध्ये तोंडानेही सांगा, फंगस बघायचाय.’ दोन्ही बाटल्या मांडीवर धरून मी रिक्षाने डेक्कनला गेले. संध्याकाळीच फोन आला: बुरशीचे रुंद धागे दिसलेत, म्युकरचे असतात तसे.

ऑपरेशनला बाबा तयार नव्हते. इंजेक्शनं आहेत ना, मग जबडा कशाला कापायचा? दवाखाना बंद करून तुम्ही वॉर्डात आलात, त्यांच्या कॉटवर बसलात. ही बुरशी रक्तवाहिन्याच बंद करते, मेलेल्या हाडात औषध पोचणार कसं, एवढंच बोललात. बाबांनी सही केली. पुढे अँफोटेरिसिनचे, त्या बुरशीवरच्या इंजेक्शनांचे, दिवस कठीण गेले. ते मूत्रपिंडाला जड, म्हणून क्रिएटिनिन आणि पोटॅशियमच्या रिपोर्टची वाट पाहण्यातच दिवस सरायचा.

टाळूला भोक राहिलं. पाणी नाकातून यायचं, बोललेलं फक्त आईला कळायचं. भोक बुजवणारी प्लेट कुठे बनते, तेही तुम्हीच शोधून दिलंत. तिसऱ्यांदा घासल्यावर ती नीट बसली.

परवा तपासणीला निघताना बाबांनीच रिक्षावाल्याला तुमच्या दवाखान्याचा पत्ता सांगितला. त्याने पुन्हा विचारलं नाही.

तुमची ऋणी,
तुमच्या पेशंटची मुलगी